विमानतळाचे यार्ड
(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्याच्या खाली उभे राहून वर बघण्यात, माझी नोकरी चालली आहे. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, रेल्वेतल्या भरतीवर बोलतो. ते म्हणाले, ''ते आपल्या सिकंदराबादेत घरोघरी ठाऊक आहे. पोरे हल्ली विमानतळाचे विचारतात, त्यावर बोला.'' आता विमानतळाचा आणि माझा संबंध काय? पण गेल्या दोन-तीन वर्षांत कॉलनीतल्या चार-पाच मुलांसाठी मी या कामाची बरीच चौकशी केली आहे. जाहिराती वाचल्या, शमशाबादला काम करणाऱ्यांशी बोललो, आणि माझ्या लक्षात आले की हे आपलेच यार्ड आहे. रूळ तेवढे नाहीत.

हवाई सुंदरी किंवा पायलट यांच्याविषयी मी बोलणार नाही. विमान उतरून उभे राहिले की त्याच्याभोवती जी माणसे धावतात, चाकाला अडण लावतात, सामान उतरवतात, शिडी लावतात, पाणी भरतात, आणि शेवटी विमान मागे ढकलून देतात, त्यांच्या कामाविषयी बोलणार आहे. त्याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात, आणि जिथे ते चालते त्या जागेला रॅम्प किंवा एप्रन. सरकारी आकडा असा आहे की देशात २०१४ मध्ये ७४ विमानतळ चालू होते, ते २०२४ पर्यंत १५७ झाले. आपल्या इथला शमशाबादचा मार्च २००८ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमाने वाढली म्हणजे रॅम्पवरची माणसेही वाढणार. ते खरेच आहे, आणि या खरेपणावरच एक धंदा उभा राहिला आहे.

बसस्टॉपवरचे फलक तुम्ही पाहिले असतील. गळ्यात रुमाल बांधलेली मुलगी, मागे विमान, आणि खाली 'शंभर टक्के नोकरी'. आमच्या शेजारच्या मुलाने अशाच एका संस्थेत एक लाख दहा हजार भरले. वडील टेक्निशियन, पीएफमधून काढून दिले. आठ महिने टाय कसा बांधावा, हसावे कसे, इंग्रजीत स्वागत कसे करावे हे शिकला. विमान त्याने एकदाच पाहिले, तेही काचेच्या आतून. पुढे रॅम्पच्या मुलाखतीला गेला तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारला, ''हेवी लायसन्स आहे?'' ते नव्हते. सर्टिफिकेटची फाइल कोणी उघडलीही नाही. मुलगा हुशार आहे, त्याचे पुढे बरे झाले, पण ते एक लाख दहा हजार गेले ते गेलेच.

म्हणून मला आज जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. रॅम्पवर उभे राहण्यासाठी जी खरी कागदपत्रे लागतात, ती नोकरी लागण्याआधी पैसे देऊन मिळत नाहीत. ती नोकरी देणारा मिळवून देतो, त्याच्या खर्चाने. आपण आपला पैसा घालायचा तो दुसऱ्याच ठिकाणी. ते ठिकाण कोणते, हे कळण्यासाठी आधी काम समजून घेऊ.

एअरबस ए३२० जातीचे विमान घ्या, आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या ते अर्ध्या तासाच्या आसपास परत उडवतात. एवढ्या वेळात दीड-पावणेदोनशे माणसे उतरायची, सामान उतरायचे, सफाई, पाणी, इंधन, नवे सामान, नवी माणसे. आपल्या पिट लाइनवर रेकला तासन्‌तास मिळतात, तरी आपली धावपळ होते. इथे विमान ठरलेल्या रेषेवर थांबले, इंजिने बंद झाली, की चाकाला अडण, म्हणजे चोक लावायचे. मग जमिनीवरच्या वीजगाडीची केबल जोडायची. विमानातली वीज ११५ व्होल्टची पण ४०० सायकलची असते. आपली ५० सायकलची. सायकल वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान, हलक्या करता येतात आणि विमानात किलोकिलोचा हिशेब असतो. (डिप्लोमावाल्यांनी हे लक्षात ठेवावे, मुलाखतीत सांगायला बरे.) पंखांच्या टोकाशी आणि इंजिनापाशी नारिंगी शंकू ठेवायचे. मग कुणीतरी विमानाभोवती फिरून, कुठे खरचटले, पोचा पडला आहे का ते बघायचे, कारण नंतर दिसले तर ते आपल्या पाळीत झाले असे धरले जाते. आपण गाडी ताब्यात घेताना करतो तेच.

सामान भरणारा लोडर. ए३२०च्या पोटातली सामानाची खोली चार फुटांच्या आसपास उंच, म्हणजे आत उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, एकेक बॅग, काही तीस किलोच्याही पुढच्या, आत रचत जायचे. हैदराबादच्या मे महिन्यात तो पत्र्याचा डबा कसा तापत असेल ते आपल्याला सांगायला नको. आणि कुठेही रचून चालत नाही. कोणत्या कप्प्यात किती वजन याचा कागद वरून येतो. पुढचे मागे झाले तर विमानाचा तोल बदलतो, आणि पायलटने उड्डाणाचा हिशेब त्या कागदावर विश्वासून केलेला असतो. मालगाडीत वाघिणीचा एका बाजूला भार आला तर काय होते हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

''मुलगा काय हमाली करणार?'' हा प्रश्न मला एका वडिलांनी विचारला. मी त्यांना म्हटले, मीही हातोडी घेऊन डब्याच्या खालीच सुरुवात केली, आणि सासऱ्यांना ते तेव्हा फारसे आवडले नव्हते. हमाली आणि लोडिंग यांतला फरक त्या कागदात आहे. ज्याला तो कागद वाचता येतो, तो पुढे सरकतो.

शेवटी पुशबॅक. विमान स्वतः मागे जात नाही, टग नावाची जड गाडी त्याला ढकलते. त्या वेळी पुढच्या चाकात एक पिन घालतात, म्हणजे पायलटच्या हातातले वळवणे सुटे होते आणि टगला चाक फिरवता येते. ढकलून झाले, टग सुटला, की खालचा माणूस ती पिन काढतो, लाल फीत लोंबणारी ती पिन हात उंच करून पायलटला दाखवतो, आणि ती पाहिल्यावरच पायलट पुढे निघतो. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा फार बरे वाटले. आपल्या जुन्या एकेरी मार्गावरचा टोकनचा गोळाच की हा! ड्रायव्हरच्या हातात गोळा नाही तर गाडी हलणार नाही.

आता धोक्याचे. हा भाग मी पालकांपेक्षा मुलांसाठी सांगतो आहे.

पिट लाइनवर गाडीखाली जायच्या आधी आपण दोन्ही टोकांना लाल पाटी लावतो, काट्याला क्लॅम्प आणि कुलूप घालतो, आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो. विमानाच्या बाबतीत ही लाल पाटी विमानाच्याच अंगावर असते. पाठीवर आणि पोटाखाली एक लाल दिवा लुकलुकतो. तो चालू आहे तोवर इंजिन चालू आहे, किंवा चालू होणार आहे, असे समजायचे. जवळ जायचे नाही. दिवा विझल्यावरही इंजिनातला पंखा पूर्ण थांबायला अर्धा ते एक मिनिट लागू शकते. चालू इंजिन समोरची हवा ओढते, आणि माणूसही ओढते.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी विमानतळावर ३१ डिसेंबर २०२२ रोजी असेच झाले. त्या विमानाचे शेपटीतले छोटे वीजयंत्र बंद होते, म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत एक इंजिन चालू ठेवलेले होते. लाल दिवा चालू होता. विमान यायच्या आधी सगळ्यांना दोनदा एकत्र बोलावून सांगितले होते की शंकू लावायला इतक्यात जाऊ नका. तरी एक कामगार बाई पुढे गेल्या आणि ओढल्या गेल्या. आपल्याकडे १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत, हैदराबादला यायला निघालेल्या विमानाच्या पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ असाच गेला. १० जुलै २०१९ रोजी कोलकात्यात चाकाच्या कप्प्याशी काम करताना त्याची दारे मिटून एक तरुण तंत्रज्ञ गेला. आणि हे विमानवाल्यांचेच आहे असे कुणी म्हणू नये. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बरौनी जंक्शनवर कपलिंग सोडवताना इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडून आपल्या रेल्वेचा माणूस गेला, ते फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत.

या चार ठिकाणी मेलेली माणसे सगळीच नवखी, अडाणी होती असे नव्हे. माँटगोमेरीत तर दहा मिनिटांपूर्वी सूचना दिलेली होती. यावरून मला एवढेच कळते, की हे शिक्षण वर्गात बसून एकदा ऐकण्याचे नाही. ते रोज, जागेवर, आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्या मुकादमाच्या नजरेखाली अंगवळणी पडावे लागते. ज्या संस्थेकडे एप्रन नाही, टग नाही, विमान नाही, ती हे शिकवणार कशी?

मग खरे शिक्षण होते कुठे? आपल्याकडे शंटिंगवाला, ट्रेन मॅनेजर, स्टेशन मास्तर आधी भरती होतात, मग मौला अलीच्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा दुसरीकडे शिकतात, आणि शिकताना त्यांना पैसे मिळतात. ग्राउंड हँडलिंगमध्ये पद्धत तीच आहे. कंपनी घेते, वर्ग घेते, मग जुन्या माणसाच्या हाताखाली काम देते. विमानतळाच्या आत जायला जो पास लागतो, तो नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचा. तो मुलाला स्वतः अर्ज करून मिळत नाही. नोकरी देणाऱ्या कंपनीने, जिला स्वतःला सुरक्षा मंजुरी असते, त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो. पोलिसांकडून पडताळणी होते, सुरक्षेचे प्रशिक्षण होते, मग पास. आत गाडी चालवायची तर विमानतळाचा वेगळा वाहन परवाना, त्याची वेगळी परीक्षा. बॅटऱ्या, रसायने, ज्वालाग्राही वस्तू यांचे धोकादायक मालाचे प्रशिक्षण वेगळे, आणि ते दर २४ महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. शिवाय यंत्रागणिक मंजुरी असते. पट्ट्याची गाडी चालवणारा उद्या उठून टग चालवू शकत नाही. हे सगळे कागद मिळून माणूस रॅम्पचा होतो, आणि यांतला एकही कागद बसस्टॉपवरच्या फलकावरून मिळत नाही.

सगळ्याच संस्था फसव्या असे माझे म्हणणे नाही. शमशाबादचा विमानतळ चालवणाऱ्या जीएमआरची स्वतःची एव्हिएशन ॲकॅडमी आहे, त्यांच्या फाउंडेशनचे तरुणांसाठी व्यवसाय प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथे जाऊन कोणते वर्ग चालू आहेत ते समक्ष विचारावे. एअरोस्पेस अँड एव्हिएशन सेक्टर स्किल कौन्सिल नावाची परिषद आहे, बंगळूरची. तिने विमानतळावरच्या वेगवेगळ्या कामांसाठी काय यायला हवे ते लिहून काढले आहे. संस्थेत गेलात तर विचारा, तुमचा अभ्यासक्रम या परिषदेच्या कोणत्या कामासाठी आहे? शेवटी परीक्षा कोण घेते, तुम्ही की ते? एप्रनवर प्रत्यक्ष किती दिवस? आणि मागच्या तुकडीतली रॅम्पवर लागलेली दोन मुले भेटवता का? शेवटच्या प्रश्नाला जो पाणी आणायला उठतो, तिथून आपणही उठावे. आणखी एक, अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. त्याखाली शिकाऊ मुलाला विद्यावेतन द्यावे लागते. रेल्वेत कितीतरी जणांचे वडील असेच लागले. विमानतळावरच्या कंपन्यांतली शिकाऊ भरती त्याच कायद्याखाली असेल तर मुलाने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

आता आपला पैसा कुठे घालायचा ते. एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस नावाची कंपनी आहे. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही सरकारकडेच राहिली. तिच्या गेल्या काही वर्षांतल्या जाहिराती मी कापून ठेवल्या आहेत. हँडीमन, म्हणजे लोडर, त्याला दहावी पास आणि इंग्रजी वाचता-समजता येणे. रॅम्प ड्रायव्हरला दहावी आणि अवजड वाहनाचा पक्का परवाना. त्यावर रॅम्प सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह, त्याला तीन वर्षांचा डिप्लोमा, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइल वगैरे, किंवा मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वेल्डर अशा ट्रेडचा आयटीआय, आणि पुन्हा अवजड वाहनाचा परवाना. म्हणजे आठ महिन्यांचा टाय कुठेच नाही. पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहे, लायसन्स आहे. सरकारी आयटीआयची फी त्या संस्थेच्या फीच्या पासंगालाही पुरत नाही.

परवान्याचे मात्र वेळेवर धरावे लागते. अवजड परवान्याचे शिकाऊ लायसन्स काढायच्या आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो, आणि व्यावसायिक वाहन चालवायला वय वीस पुरे लागते. म्हणून अठरा पुरी झाली की त्याच महिन्यात मोटारीचे लायसन्स काढून टाकावे, मोटारसायकलचे नुसते काढून थांबू नये. मधल्या काळात आयटीआय किंवा डिप्लोमा होतो, आणि विसाव्या वर्षी अवजडचे शिक्षण. मुलींनाही हे लागू आहे. 

आता कटू भाग. १६ जुलै २०२४ रोजी याच कंपनीने मुंबईत कालिन्याला थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा सुमारे २,२१६, पगार वीस ते पंचवीस हजारांच्या दरम्यान. हजारो तरुण आले, रेटारेटी झाली, शेवटी अर्ज ठेवून घरी जा असे सांगावे लागले. त्यांत पदवीधर किती होते ते वर्तमानपत्रांत आले आहे. शिवाय ही नेमणूक ठरावीक मुदतीच्या कराराची, जाहिरातीत तीन वर्षे लिहिलेली असतात. रेल्वेच्या नोकरीच्या सावलीत वाढलेल्या आपल्या घरांना हे पचायला जड आहे. आणि कंपनीच्या नशिबाबरोबर माणसाचे नशीब हलते. १५ मे २०२५ रोजी सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारने रद्द केली आणि एका दिवसात देशातल्या मोठमोठ्या विमानतळांवरचे तिचे काम थांबले. दिल्लीत तिची माणसे दुसऱ्या कंपन्यांकडे वळवण्यात आली, कारण काम येणारी माणसे त्या दुसऱ्यांनाही हवीच होती. ज्याच्या अंगी टग चालवण्याची मंजुरी आणि स्वच्छ नोंद होती, त्याला फारसे भिण्याचे कारण नव्हते असे मला तिथल्या एका ओळखीच्याने सांगितले. लोडरांची धाकधूक मात्र खूप झाली.

म्हणून मी मुलांना म्हणतो, लोडर म्हणून शिरायला हरकत नाही, पण लोडर म्हणून राहू नका. आत गेल्यावर वाहन परवान्याची परीक्षा द्या, एकेक यंत्र अंगावर घ्या. आणि गुडघे, कंबर, कान सांभाळा. कानाचे संरक्षक गरम होतात म्हणून गळ्यात अडकवून फिरणारी पोरे मी कुंपणाबाहेरून पाहिली आहेत. वर्कशॉपमधल्या आपल्या जुन्या बॉयलरमेकरांना विचारा, पन्नाशीत काय ऐकू येते ते.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट, पण ती आपल्या मराठी घरांना इथे विशेष नडते. पोलीस पडताळणी. आपल्यात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. इथल्या शाळेत घराणे आधी आणि नाव मागून, तेही आद्याक्षरात. त्यामुळे कुलकर्ण्यांचा सचिन दहावीच्या मेमोवर 'के. सचिन' होतो, आधारवर 'सचिन कुलकर्णी', आणि पॅनवर मध्ये वडील येऊन बसतात. कारकुनाच्या दृष्टीने ही तीन माणसे. त्यात आपल्या बदल्या. काझीपेठला दोन वर्षे, पूर्णेला तीन, मग इथे, आणि क्वार्टर बदलला की पत्ता बदलला. पासच्या अर्जात मागचे पत्ते विचारतात, आणि पडताळणी जिथून जिथून यायची तिथून यावी लागते. एका मुलाचा पास यामुळे अडकला आणि कंपनीने त्याच्या जागी पुढच्याला घेतले. दहावीच्या मेमोवरचे नाव हेच प्रमाण धरून बाकीचे कागद आजच तसे करून घ्या. क्वार्टर अलॉटमेंटची जुनी पत्रे फेकू नका.

चहा होईपर्यंत मी मागच्या टेबलाशी बसलो आहे. जाहिरातींची कात्रणे बरोबर आणली आहेत. लायसन्सचा हिशेब कुणाला करून हवा असेल तर मुलाची जन्मतारीख तेवढी घेऊन यावे.